केळीच्या आडून

पाण्याचा दुसरा मग नकातोच्या डोक्यावर रिता होणार, तोच केळीच्या बनापलीकडून कुणीतरी खाकरले. सेमांडाने ते खाकरणे ओळखले, दोन्ही ओली जुळी मुले दोन काखोट्यांना मारली आणि तो भिंतीच्या आड झाला. वास्वाला हा नवा खेळ वाटला. तो खिदळू लागला.

सासूबाई आल्या होत्या. सासू आणि जावई यांनी परस्परांच्या दृष्टीस पडू नये, एका छताखाली राहू नये, हातातून हातात वस्तू देऊ नये. जो हा संकेत मोडील त्याचे हात उतारवयात थरथरू लागतात, हे बुगांडाच्या मुलखात लहान पोरही सांगेल. म्हणूनच त्या दुरून खाकरल्या होत्या.

"लपलात ना, जावईबापू?"

"लपलो, आई. प्रवास सुखाचा झाला?"

"झाला. तुम्ही चालवायचात त्याच ट्रकमधून आले. तुमचा जोडीदार किगुंडू वर रस्त्यावर थांबलाय. मालक तुम्हाला कामावर परत घेतोय म्हणे, आजच सीमेकडे निघायचंय. तुम्ही पुढच्या वाटेने निघा, मी मागच्या दाराने आत येते. पोरांचं मी बघीन."

सेमांडाने नकातोचे केस पुसायला घेतले. एकाने आत यावे तर दुसऱ्याने बाहेर पडावे, असाच तो संकेत होता. आणि आत कोण राहणार, हे आता या क्षणी ठरायचे होते.

"नालवोगाने बोलावलं तुम्हाला?"

"माझ्या लेकीला कुठे वेळ आहे? ती पहाटेच इस्पितळात गेली असेल, लोकांना सुया टोचायला. मी आपली आपण आले. गाव हसतंय, जावईबापू. बाजारात मला विचारतात, तुमचा जावई अजून खुडूक कोंबडीसारखा घरात बसून आहे का?"

तेवढ्यात वर भोंगा वाजला आणि किगुंडू ओरडला, "अगं ए नालोंगो! पोरांना पाजून झालं असेल तर ये लवकर!"

जुळ्यांच्या बापाला गाव नावाने हाक मारीत नाही, आदराने सालोंगो म्हणते; नालोंगो म्हणतात ते जुळ्यांच्या आईला. सेमांडाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. त्याने वास्वाच्या कानातले पाणी हलक्या हाताने टिपले.

"चुलीवर मातोकेच्या केळ्यांखालचं पाणी आटलंय तुमच्या," बनातून आवाज आला. "करपल्याचा वास येतोय."

"आत्ताच घातलंय, आई. तो वास शेजारचा आहे."

मग सासूबाईंचा स्वर खाली आला.

"एक विचारते, खरं सांगा. माझ्या लेकीने तुम्हाला बांधून ठेवलंय का? जेवणातून काही घातलंय? लेक माझी असली तरी मी तिचा कान धरीन."

"नाही हो. ती म्हणत होती, कामाला पोरगी ठेवू, तुम्ही खुशाल जा. मीच नको म्हटलं."

"का? ट्रकचा कंटाळा आला?"

"कंटाळा? रोज आठवण येते. भोंगा ऐकला की उजवा पाय आपोआप दाबला जातो. आत्तासुद्धा दाबला गेला."

"मग?"

अंगणात कोंबड्या सांडलेले पाणी टिपीत होत्या.

"मी ट्रकवर होतो तेव्हा कधीमधी घरी यायचो. मला बघितलं की वास्वा नालवोगाच्या मागे लपायचा. आता कुणी अनोळखी आलं की तो माझ्या मागे लपतो." त्याने वास्वाला जवळ घेतले. "आई, ज्याच्यापासून तोंड लपवायचं असं एक माणूस घराला पुरे. ते तुम्ही आहात."

भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

"किगुंडू!" म्हातारीचा आवाज एकाएकी रस्त्यापर्यंत पोचला. "सालोंगोला सालोंगो म्हणायचं! आणि निघ तू आता. चाक धरणारे तुला वाटेत ढीगभर भेटतील!"

ट्रकने दोनदा घरघर केली आणि तो निघून गेला. त्याचा आवाज टेकडीपलीकडे विरेपर्यंत सेमांडाने मान वर केली नाही.

"तुम्ही परत कशा जाल, आई?"

"पाय आहेत ना मला! हे घ्या. इथे पानावर ठेवलंय. मी पाठ फिरवली आहे."

तो भिंतीआडून पाठमोरा, एकेक पाऊल मागे टाकीत बनाच्या कडेपर्यंत गेला. केळीच्या पानावर घडी घातलेले एक कापड होते. धुऊन धुऊन त्याचा रंग उडाला होता आणि पोत मऊ झाला होता.

"माझ्यासाठी आणलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "नालवोगा ह्याच्यातच वाढली."

नकातोही तिथे आली होती आणि जांभया देऊ लागली होती. सेमांडाने बनाकडे पाठ करून तिला आपल्या पाठीवर घेतले, कापड भोवती गुंडाळले आणि छातीवर गाठ मारायला तो वाकला.

"डावीकडून सैल राहिलंय," मागून आवाज आला. "ओढून घ्या, सालोंगो. घसरतेय ती."

त्याने कापड ओढून घेतले, गाठ पक्की केली आणि मग तो वळला. वारा मुळीच नव्हता. केळीचे एक पान मात्र हलत हलत आपल्या जागी परत येत होते.