उपटलेली वायर

काल मधल्या सुट्टीत शाळेच्या रेडिओवर आमचा निवेदक, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, माईक बंद करायला विसरला आणि त्याने केलेली हेडसरांची नक्कल सगळ्या वर्गांनी ऐकली. हेडसरांनीसुद्धा. म्हणून आज रेडिओच्या खोलीत बातम्या संपताच मी माईकची वायरच उपटून हातात धरली.

“आता बोल बिनधास्त,” मी म्हणाले.

“आता बोल बिनधास्त,” व्हरांड्यातला स्पीकर माझ्याच आवाजात म्हणाला.

भोंगा खो खो हसला. स्पीकरही त्याच्यासारखाच हसला, पण त्याच्या आधी थांबला.

मी मशीनचं मेन बटण बंद केलं. लाल दिवा विझला.

“अगं, दार का उघडत नाहीये?” स्पीकर भोंग्याच्या आवाजात म्हणाला.

दार तर सताड उघडं होतं. आम्ही पळालो, तोच ते नाकासमोर धाडकन लागलं. भोंगा हँडल हिसडत ओरडायला गेला आणि मी दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबलं. ते वाक्य त्याने बोलायचं नाही, एवढंच मला कळत होतं.

बाहेर स्पीकरमधून माझं रडणं ऐकू आलं. “भोंग्या, डोळे उघड ना रे!”

माझे हात अजून त्याच्या तोंडावरच होते.