क्लॅरिनेटवाल्याचा श्वास

वृद्धाश्रमात नव्याने आलेले धुमाळ दोन दिवस गाल फुगवून श्वासाच्या व्यायामाच्या यंत्रात फुंकत होते. आतले तिन्ही बॉल ढिम्म.

"चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली आणि हा एक बॉल हलेना!"

संध्याकाळपर्यंत एकही बॉल उचलला नाही, तर त्यांना माझ्या खोलीतून आजाऱ्यांच्या वॉर्डात हलवणार होते.

यंत्रासोबतचा कागद मी पहिल्याच दिवशी वाचला होता. पण श्वासाबद्दल क्लॅरिनेटवाल्याला मी शाळामास्तर काय सांगणार?

शेवटी धीर केला. "अहो, फुंकायचं नाही बहुतेक. नळीतून सरबत ओढतो, तसं ओढून बघा."

त्यांनी ओढलं. दोन बॉल टुणकन वर! तपासायला आलेली सिस्टर हसली, "राहा आता इथेच, आजोबा."

"मास्तर, दोन दिवस गप्प का बसलात?" धुमाळांनी विचारलं.

"मला वाटलं, माझंच वाचण्यात काही चुकलं असेल."