ग्रीसच्या बाजूने

“याला फुटबॉल म्हणतात? अकरा माणसं गोलासमोर उभी करायची आणि देवाचा धावा करायचा!”

प्रिस्काच्या पप्पांनी हातातला सुका बोंबील ताटात परत ठेवला. भात निवत चालला होता. त्यांचं लक्षच नव्हतं.

२००४ सालचा जुलै. आदल्या रात्री युरो कपच्या अंतिम सामन्यात ग्रीसने पोर्तुगालला त्यांच्याच अंगणात हरवलं होतं. राजोडीत अर्ध्या गावाने पोर्तुगालसाठी जागरण केलं होतं आणि सोमवारी दिवसभर गाव तोंड पाडून हिंडत होतं.

“एक-शून्य,” प्रिस्का शांतपणे म्हणाली. “कप कोणाकडे आहे, पप्पा?”

“कप काय, भांड्यांच्या दुकानातही मिळतो. पोर्तुगालच्या पोरांचे पाय बघितलेस? चेंडू नाचवत होते!”

“नाचायचंच असेल तर लग्नाच्या वरातीत जावं. मैदानात गोल मोजतात.”

“एक गोल! तोही कॉर्नरवरून, डोक्याने! बाय, तू पोरांना शाळेत कविता शिकवतेस की पाढे?”

“पाढे चुकले की नापास होतात, पप्पा. कविता चुकली तर कोणाला कळतं?”

पप्पांनी कपाळावर हात मारला आणि वरचा आवाज लावला. शेजारची फ्लॉसीमावशी खिडकीतून ओरडली, “क्लेमेंट, जेव रे आधी! ग्रीस काही पळून जात नाही!”

प्रिस्काने मान खाली घालून हसू लपवलं. तिला ग्रीसचं काडीचंही कौतुक नव्हतं. सामना संपल्यावर पोर्तुगालचा तो कोवळा पोरगा मैदानातच रडला, तेव्हा तिनेही गुपचूप डोळे पुसले होते. पण तिची आई, उर्सुला, गेल्यापासून पप्पा मुके झाले होते. वाडीत जायचे, यायचे, जेवायचे, झोपायचे. मग दोन वर्षांपूर्वीच्या वर्ल्ड कपमध्ये ती सहज म्हणाली होती, “ब्राझीलचे नुसते नखरे.” पप्पा खुर्चीतून उठलेच. त्या संध्याकाळी ते आईनंतर पहिल्यांदा इतकं बोलले. तेव्हापासून प्रिस्काने ठरवून टाकलं. जो रटाळ खेळून जिंकेल, तो तिचा. पप्पांना भांडायला कोणीतरी हवं होतं आणि घरात ती एकटीच होती. हे तिने त्यांना कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर ते पुन्हा गप्प झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा केळीच्या वाडीत तुंबलेले चर मोकळे करायला गेले. तिथेच, बांधावर बसल्या बसल्या, गेले.

पुढचे काही दिवस संध्याकाळी जपमाळेच्या प्रार्थनेला माणसं येत राहिली. शेवटच्या दिवशी प्रार्थना संपल्यावर चहा फिरला आणि आठवणी निघाल्या. फ्लॉसीमावशी डोळे पुसत म्हणाली, “सुंदर खेळाचा केवढा वेडा होता बिचारा.”

फर्डिनंडकाकांना ठसकाच लागला. तरुणपणी ते आणि पप्पा गावच्या संघातून एकत्र खेळत.

“कोण, क्लेमेंट? सुंदर खेळ? अगं, तेव्हा आमच्या मैदानाला लागून बावखल होतं. चांगलं खोल तळं. आम्ही एका गोलने पुढे असलो की हा चेंडू सरळ पाण्यात मारायचा! आणि गावचा नियम असा, की चेंडू हरणाऱ्यांनी काढायचा आणि घड्याळ थांबवायचं नाही. पलीकडचे पोहतायत आणि हा काठावर बसून केळं सोलतोय!”

प्रार्थनेला आलेली माणसं तोंडाला रुमाल लावून हसू लागली. प्रिस्का मात्र कप हातात धरून उभी राहिली.

“पण काका, पप्पा तर पोर्तुगालसाठी किती हळहळले.”

“पोर्तुगालसाठी? त्या सोमवारी सकाळी सकाळी माझ्या दारात हजर. ‘फर्डिनंड, काय बचाव केला रे ग्रीकांनी, जीव तृप्त झाला!’ मी म्हटलं, मग घरी पोर्तुगालच्या नावाने गळा का काढतोस?”

काका थांबले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“काय म्हणाले?” प्रिस्काने विचारलं.

“म्हणाला, उर्सुला गेल्यापासून माझी पोर शाळेतून येते आणि भिंतीसारखी बसते. पण मी सुंदर खेळाचं गाणं गायला लागलो की अशी तुटून पडते, की घर भरून जातं. तिला बोलती ठेवायची तर मला रोज हरायलाच हवं, फर्डिनंड.”

प्रिस्का आधी नुसती बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसका बसला. फ्लॉसीमावशी तिला सावरायला पुढे धावली, पण प्रिस्का रडत नव्हती. हसत होती, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चार माणसांत कधी मोठ्याने न बोलणारी ती, मेणबत्तीमागच्या फोटोकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“पप्पा, मी मनातून पोर्तुगालचीच होते. आपण दोघंही चुकीच्या जर्सीत होतो. कोण जिंकलं, ते जाऊ दे. पण काय सुंदर खेळलो आपण!”