रिकाम्या खुर्चीची मुलाखत

मुलाखत संपली की निवेदिकेने आपले अडखळलेले प्रश्न पुन्हा म्हणायचे आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या काकांनी ते मागाहून जोडायचे, ही रेडिओवरची नेहमीचीच पद्धत. आजच्या पाहुण्या, विस्मरणावर जाडजूड पुस्तक लिहिलेल्या प्राध्यापक बाई, केव्हाच निघून गेल्या होत्या. काकांनीच त्यांना टॅक्सीत बसवून दिलं होतं. दार नीट लागलंय ना, तेही बघितलं होतं.

काचेपलीकडे निवेदिका समोरच्या रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारू लागली. तीनच तर होते.

पहिल्या प्रश्नानंतर ती थांबली. तिने मान डोलावली. "अगदी खरंय," ती म्हणाली.

"अगं, नुसते प्रश्न हवेत," काका माइकवरून म्हणाले. "उत्तरं आहेत आपल्याकडे."

तिने हातानेच त्यांना गप्प केलं. काकांनी समोर पाहिलं. पाहुण्यांच्या माइकवरचा आवाज दाखवणारा काटा हलत होता. त्यांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला, पण काही म्हणजे काही ऐकू येईना.

मग निवेदिकेने कागदावर नसलेलाच एक प्रश्न विचारला. उत्तर ऐकताना ती आधी हसली, मग हसायची थांबली आणि काचेकडे वळली.

"काका, बाई विचारताहेत," ती म्हणाली, "मघाशी टॅक्सीत तुम्ही कुणाला बसवलंत?"