लाल ठिपका

"आता काय बदलायचं राहिलंय, दादा? भिंती?"

दुरुस्तीवालीने स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि तिसऱ्यांदा तपासायला आलेल्या धडधाकट रोग्याकडे डॉक्टरने पाहावे तसे गिटारच्या उघड्या ॲम्पकडे पाहिले.

गिटारवादक हसला नाही. दोन महिन्यांत त्याने तारा बदलल्या होत्या, पिकअप बदलले होते, केबल, व्हॉल्व्ह आणि अखेर स्पीकरसुद्धा. प्रत्येक नव्या भागानिशी आवाजावरचे पांघरूण दोन दिवस सरकल्यासारखे वाटे आणि मग मुकाट्याने जागेवर येई. विजेच्या गिटारचा आवाज नेमका कशाने घडतो, या प्रश्नावर माणसांनी रीतसर पंथ काढले आहेत. कोणी लाकडाची शपथ घेतो, कोणी व्हॉल्व्हची. हा वीस वर्षे बोटांच्या पंथात होता. "आवाज बोटांत असतो, बाकी सगळं फर्निचर," हे वाक्य त्याने इतक्या मुलाखतींत ऐकवले होते, की शेवटी त्याचाही त्यावर विश्वास बसला होता. आता तो तेच फर्निचर उलथेपालथे करून घेत होता. यंत्र आजारी निघावे, अशी प्रार्थना इतक्या मनापासून क्वचितच कोणी केली असेल.

"परवा रेकॉर्डिंग आहे, ताई. ड्रमरनं तोंडावर सांगितलंय, ह्या वेळी आवाज टोचला तर गिटार दुसरा कोणीतरी वाजवेल. टोचतो म्हणे! मला तर उशीत तोंड खुपसून कोणी बोलतंय असा ऐकू येतो."

"यांना घरातला नळ गळताना ऐकू येत नाही," दारापाशी स्टुलावर बसलेली त्याची बायको म्हणाली, "पण ॲम्पमधला व्हॉल्व्ह शिंकला तरी झोप उडते."

ती हसली, नेहमीपेक्षा जरा लवकर थांबली.

अचानक दोघींनी एकदमच मान वळवली. "किती किंचाळतं हे मेलं," म्हणत दुरुस्तीवालीने टेबलाच्या टोकाला ठेवलेले मोजमापाचे छोटे यंत्र बंद केले. त्यानेही मान वळवली होती; त्यांच्या माना वळलेल्या पाहून. आपण उशिरा वळलो हे कोणी पाहिले नाही ना, हे त्याने पाहून घेतले.

"बोटं, तारा, पिकअप, केबल, ॲम्प, स्पीकर." दुरुस्तीवालीने एकेक बोट दुमडले. "सगळं पाहिलं. सगळं ठणठणीत. स्पीकरच्या पुढं माझं काम संपतं, दादा."

"पुढं काय असतं?" त्याने विचारले, आणि विचारताक्षणीच त्याला वाटले, हे विचारायला नको होते.

तिने ॲम्पचे झाकण लावले, तो पुन्हा जोडला आणि बटणांच्या पट्टीवर एक जाडसर फडके पसरले. त्या पट्टीवर ट्रेबलच्या, म्हणजे आवाजाची धार वाढवणाऱ्या बटणाशेजारी, चारच्या आकड्यावर, नेलपॉलिशचा एक लाल ठिपका होता. तो त्याच्या बायकोने कितीतरी वर्षांपूर्वी लावला होता. सामान कोणीही हलवो, त्याचा आवाज हरवू नये म्हणून.

"आज ठिपका पाहायचा नाही. फडक्याखाली हात घाला आणि ट्रेबल नुसत्या कानानं लावा."

त्याने गिटार गळ्यात अडकवली. बायकोने पर्स उघडली, काहीतरी चाचपले, केस सारखे केले. तो वाजवायला लागला की हल्ली ती नेहमीच केस सारखे करी.

त्याने एक कॉर्ड छेडला. उशी. फडक्याखाली हात घालून बटण किंचित फिरवले आणि पुन्हा छेडला. उशीच. आणखी फिरवले. आणखी. आणखी थोडे. बटणाच्या फिरण्याला अंत असतो, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो हळूहळू जात होता, अंधाऱ्या जिन्यात शेवटची पायरी पायाने चाचपावी तसा.

आणि मग तो आला. त्याचा स्वतःचा आवाज, कडा असलेला, काचेसारखा स्वच्छ.

"आला!" तो ओरडला. "हाच! बघा, म्हणजे आत कुठंतरी सैलच होतं. तुमचा हात लागला आणि सुटला." तो तोच कॉर्ड वाजवत राहिला. कपाटावर पेंगणारे दुकानातले मांजर उठले, खाली उडी मारून दाराबाहेर निघून गेले. दुरुस्तीवालीने डोळे मिटून घेतले होते आणि दात दातांवर दाबले होते. स्वर विरेपर्यंत तिने ते उघडले नाहीत.

मग तिने फडके उचलले.

ठिपका चारवर होता. बटणाची खूण दहावर टेकली होती. दहाच्या पुढे आकडा नव्हता.

"बटण खराब आहे," तो घाईघाईने म्हणाला. "बटण बदला, ताई."

"बदलते," ती म्हणाली. स्क्रू-ड्रायव्हरला मात्र तिने हात लावला नाही.

निदान आपल्या माणसाची साक्ष मिळेल म्हणून तो बायकोकडे वळला. एवढ्या लांबून तिला बटण दिसत नव्हते. वाकून पर्स बंद करताना तिचे केस एका बाजूने घसरले होते. कानात कापसाचा बोळा होता. लहानसा, घट्ट वळलेला, रोजच्या सवयीचा हात दाखवणारा.

"कधीपासून?" त्याने विचारले.

बायकोने मान वर केली, त्याचे ओठ हललेले पाहिले आणि वाजवून झाल्यावर तो नेहमी जे विचारतो तेच विचारत असणार असे समजून, गरजेपेक्षा कितीतरी मोठ्याने म्हणाली,

"छान! अगदी पहिल्यासारखा!"