सुनेचं थायरॉईड

"थायरॉईड अगदी हवं तसं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांच्यासाठी आणलेला लाडवांचा डबा माझ्या हातातून पडता पडता राहिला.

सुनेला दिवस गेल्यापासून तिचं सगळं बोलणं मी त्या थायरॉईडच्या माथी मारत होते. आमटी म्हणजे गुळाचं पाणी, म्हणाली. थायरॉईड असेल. माझं भजन सुरू झालं की पोटातलं बाळ लाथा मारतं, म्हणाली. थायरॉईडच. काल तर माझा डिंकाचा लाडू तिने टेबलावर आपटून दाखवला. फुटला नाही. तरी मी हसले. माझ्या नणंदेला थायरॉईड झालं होतं, तेव्हा ती भिंतीशीसुद्धा भांडायची. आजारी माणसाचं काय मनावर घ्यायचं?

"गरोदरपणात आकडे थोडे वरखाली होतातच," डॉक्टरबाई समजावत होत्या. "निरोगी बाईचे असावेत तसेच हिचे आहेत. काळजीचं काही नाही."

मी सुनेकडे वळले. "म्हणजे केतकी, आमटीचं ते तू मनापासून बोललीस?"

तिने मान खाली घातली. "हो, आई."

मी डबा पिशवीत परत टाकला, खुर्ची पुढे ओढली, बाही वर सरकवली आणि हात डॉक्टरबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"माझंही रक्त घ्या. आणि बाई, काहीतरी वरखाली निघू दे हं. हिचं लग्न झाल्यापासून गप्प बसलेय. मला हिच्या पोळ्यांबद्दल बोलायचंय."