ठेवून गेले

"त्यांचा पहिला जबाब त्यांना वाचून दाखवा," अधिकारी बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल दुभाषीकडे सरकवली.

बालकल्याण कचेरीतल्या त्या लहानशा खोलीत तिघीच होत्या. अधिकारी, मराठीची दुभाषी आणि समोर एक आई. तिची पाच वर्षांची मुलगी गेले चार महिने सरकारने परक्या घरात सांभाळायला दिली होती. पुढे काय करायचं ते आज ठरायचं होतं.

दुभाषीने पान उलटलं. एका इंग्रजी वाक्याखाली कोणीतरी लाल रेघ ओढली होती. नेहमीच्या सपाट आवाजात तिने त्याचं मराठी केलं, "मी मुलीला सोडून कामाला गेले."

"असं कधी म्हणाले मी?" आई म्हणाली. "शेजारच्या आजींकडे ठेवून गेले, असं म्हणाले होते."

दुभाषीने ते इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आजींचं या बाई नंतर सांगायला लागल्या. पहिल्या दिवशी आजी कुठेच नव्हत्या. आणि आजींना विचारावं, तर त्यांना त्याच सकाळी झटका आलेला. वाचाच गेली आहे त्यांची. मुलगी रस्त्यावर एकटी सापडली, एवढंच आमच्या हाती आहे."

हे मराठीत सांगता सांगता दुभाषीची नजर पानाच्या तळाशी गेली. जबाब फोनवर घेतलेला. वेळ, पाचला पाच कमी. दुभाष्याचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. तो तिचाच होता.

तिला तो फोन आठवला. पाचची बस चुकली की पुढची पाऊण तासाने. फोनवरची बाई रडत होती, वाक्यं अर्धी तोंडात, अर्धी पोटात. 'आजींकडे ठेवून गेले' एवढं कानावर आलं, तेव्हा तिने 'लेफ्ट' म्हटलं आणि आजी गाळल्या. पुढचं विचारतीलच, असं तिला वाटलं होतं. कोणी विचारलं नाही. इंग्रजीत त्या एका शब्दात दुकानात राहिलेली छत्री येते, पाळणाघरात ठेवलेलं मूल येतं आणि नवऱ्याने टाकलेली बायकोही येते. मराठीत ठेवणारी माघारी येते, टाकणारी येत नाही. पंचवीस वर्षं ती याच फरकावर पोट भरत आली होती.

"ताई," आई म्हणाली, "त्या दिवशी फोनवर एक बाई होती. तिने काय सांगितलं देव जाणे. तिला शोधता येईल का, एवढं विचारा ना यांना."

त्या खोलीत दोन्ही भाषा कळणारी दुभाषी एकटीच होती. ती काहीही बोलली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.

"काय म्हणतायत त्या?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

दुभाषी आधी आईकडे वळली.

"ती बाई मीच," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर सांगितलं होतं. मी आजींचं नावच घेतलं नाही. मला घरी जायची घाई होती."

मग हेच तिने इंग्रजीत सांगितलं. घाईसुद्धा.

आई रडली नाही की अंगावर आली नाही. "चार महिने," ती म्हणाली. एवढ्या दोन शब्दांचं इंग्रजी करायला दुभाषीला वेळ लागला.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या आईची भाषाही इंग्रजी नव्हती. "आमच्या घरी या 'लेफ्ट'ला दोन निराळे शब्द आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुठे सोडून गेलात, हे मीही विचारायला हवं होतं." मग दुभाषीकडे वळून त्यांनी आवाज पुन्हा कचेरीचा केला. "तुम्हाला आता इथे बसता येणार नाही. तुमच्याबद्दल वर लिहावं लागेल. दुसरा माणूस गुरुवारी मिळेल. नवा जबाब तेव्हा घेऊ."

दुभाषीने ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं, स्वतःवरच्या तक्रारीसकट, आणि पर्स उचलली.

"गुरुवार नको," आई म्हणाली. "माझी पोर आणखी सहा दिवस तिथे कशाला? हिलाच बसवा. आता ही एक शब्दसुद्धा गाळायची नाही."

मघाचं 'ताई' गेलं होतं. दुभाषीने खाली मान घालून हेही इंग्रजीत केलं.

अधिकारी फोन घेऊन बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात रेकॉर्डर होता. "साहेब हो म्हणाले. सगळं ध्वनिमुद्रित होईल, आणि संध्याकाळपर्यंत दुसरं कोणीतरी ऐकून तपासेल. जबाब टिकला तर मुलगी उद्या घरी. करा सुरुवात."

आईने खुर्ची पुढे ओढली. पहिलीतल्या मुलाला शुद्धलेखन घालावं तशी ती एकेक शब्द सुटा करत बोलू लागली.

"पहाटे साडेपाचला, मी तिला, झोपेतच, पांघरुणासकट उचललं, आणि आजींच्या खाटेवर, नेऊन ठेवलं."

दुभाषी इंग्रजी करायला गेली आणि 'पांघरूण'पाशी अडली.

"पांघरूण म्हणजे चादर, की दुलई?" तिने विचारलं.

"दुलई," आई म्हणाली. "आमच्या घरची. आजींकडे एकच होती, त्यांच्या अंगावर."